काठी जिथे टेकायची

वर्लिन टॅकेटच्या पंपावर मी अकरा वर्षं जातेय.
काउंटीची पांढरी गाडी, मागच्या सीटवर बरण्या,
पायात लोखंडी टोकाचे बूट.
तो लांबूनच हात वर करायचा,
"आल्या मिस अझेवेदो, आमच्या पोटात डोकवायला."

पोट म्हणजे टाकी.
एकपदरी पोलाद, दहा हजार गॅलन,
बदामाच्या बागा पंपापर्यंत यायच्या आधी
त्याच्या बापानं पुरलेली.
तेव्हा नियम एवढाच:
खड्डा नीट बुजवा, वर ट्रक उभा राहिला पाहिजे.

आता नियमावली माझ्या मनगटाएवढी जाड.
दुहेरी भिंत हवी. मधल्या पोकळीत सेन्सर हवा.
गळती कळली की चोवीस तासांत फोन.
त्यातली काही वाक्यं माझी आहेत,
रात्री साडेदहाच्या सभांतून पास करून घेतलेली;
एक "शक्यतो" खोडायला
मला दोन वर्षं लागली.

वर्लिनचा सेन्सरवर विश्वास नव्हता.
पहाटे, दुकानाचा दिवा लावायच्याही आधी,
तो झाकण उघडून काठी आत सोडायचा.
लाकडी, बाराफुटी, इंचाइंचावर खुणा,
टोकाला पाणी लागलं तर लाल होणारा लेप.
काठी तळाला टेकली की ठक्.
मग वही. मग पेन्सिल.
एकोणचाळीस वर्षांच्या वह्या
कोंबड्यांच्या खाद्याच्या खोक्यांत.
एक दिवस चुकलेला नाही.
बायकोला पुरलं त्या सकाळचाही आकडा आहे,
जरा तिरका.

मी त्या वह्या ऑगस्टात वाचल्या.
पाव इंच कमी. अर्धा इंच. पुन्हा पाव.
समासात त्याचं अक्षर: "ऊन."
"बहुतेक ऊन."
धुक्यात समोरचा खांब दिसत नाही
त्या जानेवारीतही: "ऊन."

भरणनळीला मी लाल पट्टी बांधली.
तो काही बोलला नाही. काठी पुसत राहिला,
कोरडी होती तरी.

टाकी मंगळवारी काढली.
आधी आत सुका बर्फ ओतला, वाफा मराव्यात म्हणून.
मग क्रेननं ती उचलली, आणि
मातीचा वास आला,
आणि मागोमाग मातीचा नसलेला.
आम्ही कुशी बघत होतो, शिवणी बघत होतो,
नळीचा कोपरा टॉर्चनं बघत होतो.
सगळं शाबूत.
मग ती फिरवली. तळ वर आला.

एकच भोक. करंगळीएवढं, वाटोळं,
कडा इतक्या गुळगुळीत
की कुणी हौसेनं घासल्यासारख्या.
बरोबर भरणनळीच्या खाली.

जिथे काठी टेकायची.

चौदा हजार वेळा ठक्, एकाच जागी.
त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
क्रेनवाल्या पोरानं इंजिन बंद केलं
तेव्हा कळलं, ते इतका वेळ चालू होतं.

आळशी माणसाची टाकी टिकली असती कदाचित.
हे मी अहवालात लिहिलेलं नाही.
अहवालात कारणांचे चौकोन असतात:
गंज, आघात, सदोष बांधणी, इतर.

दोनशे फुटांवर ओफेलिया सेर्नाची विहीर.
थेंबे थेंबे तळे साचे;
साचलं, तिच्या स्वयंपाकघराखाली.
तिच्या ओट्यावर आता काउंटीच्या बाटल्या,
निळ्या टोपणांची रांग,
आणि ती मला विचारते, टोमॅटो धुऊ का यानं,
की तेही नको?
मी म्हणते, यानं धुवा.
नळाला हात लावू नका.
किती दिवस, ते मला माहीत नाही.
वर्लिनचं नाव तिनं अजून काढलेलं नाही.
दर रविवारी तो तिच्याकडे अंडी द्यायचा.

हिवाळ्यात मी एक ओळ नवी घातली.
कलम चौदा, पोटकलम क:
मापनकाठी जिथे टेकते तिथे, टाकीच्या तळाशी,
पोलादी तबकडी बसवलेली असावी.
"शक्यतो" न लिहिता.
सभेत कुणी मान वर केली नाही; मंजूर.

छापील प्रत वर्लिनला नेऊन दिली.
पंप बंद, खड्ड्यात खडी,
तो दारात खुर्ची टाकून.
चष्मा लावून त्यानं ती वाचली. दोनदा.
मग खिशातून पेन्सिल काढली,
आणि म्हणाला,
"जाडी किती, ते लिहायला विसरलात."